सात रिव्हेटांचं मडगार्ड

माझ्या धाकट्या दिरांना गल्लीत सगळे 'जनरल' म्हणतात. सैन्यात ते एक दिवसही नव्हते. तरुणपणी भरतीला गेले, तळपाय सपाट निघाले, परत आले. मग एकतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये सैन्याच्या जुन्यापुराण्या गाड्या जोडायला घेतल्या. आजवर दोन जीपा आणि एक पाण्याचा टँकर त्यांनी पुन्हा रस्त्यावर आणलाय. माझी जाऊ म्हणते, "साठ वर्षं बंद पडलेलं इंजिन यांच्या हातून चालू होतं, पण स्वयंपाकघरातला नळ मार्चपासून गळतोय तो गळतोयच."

भंगारातून आलेल्या गाडीला ना कागद असतात ना धड रंग. ती मूळची कशी होती हे जुन्या फोटोंवरून ठरवायचं. भाऊजींची पद्धत ठरलेली आहे. फोटोत माहीत असलेल्या मापाची एक वस्तू शोधायची, चाक म्हणा नाहीतर पेट्रोलचा डबा, आणि तिच्यावरून बाकीचं मोजायचं. रंगासाठी दारावर बशीएवढी जागा पाणी लावून घासायची, म्हणजे खालचे थर कड्यांसारखे एकेक दिसू लागतात. आणि फोटोतली माणसं काळ्या कागदाच्या पट्ट्यांनी झाकून टाकायची.

"वहिनी, माणूस दिसला की डोळा आधी तोंडाकडे जातो. बोल्ट राहतो बाजूला."

गेल्या महिन्यात, बारा तारखेला, पलीकडच्या रस्त्यावरच्या गाण्याच्या बाई आमच्याकडे आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. त्यांचे वडील इथल्याच छावणीत ड्रायव्हर होते. बाई दोन वर्षांच्या असताना ते गेले. त्यांची आठवण म्हणून एकच फोटो: ट्रकच्या तोंडापाशी उभे चार जण, त्यातले डावीकडून दुसरे वडील. नंबराची पाटी चिखलानं बरबटलेली. भाऊजींनी तीन वर्षांपूर्वी आणलेला ट्रक त्याच छावणीच्या भंगारातला, हे बाईंना कुठून तरी कळलं होतं.

"वीस तारखेला मी मुलाकडे जाते, कायमची," बाई म्हणाल्या. "हाच तो असला तर पाच मिनिटं बसून जाईन. नसला तर तसं सांगा."

भाऊजींनी दोन दिवस भिंग डोळ्याला लावून घालवले. चौदाला बाई आल्या तेव्हा ते शेडच्या दारातच उभे होते.

"बाई, मॉडेल तेच आहे, पण गाडी ती नाही. फोटोत स्टिअरिंग उजवीकडे आहे, माझ्या ट्रकचं डावीकडे."

"असू दे हो," बाई म्हणाल्या. त्या गेल्यावर लक्षात आलं, फोटो इथेच राहिला.

"हो म्हणाला असतात तर कोणाचं काय बिघडलं असतं?" मी म्हटलं.

"वहिनी, मी हो म्हटल्यानं ट्रक त्यांच्या वडिलांचा होतो का?"

सकाळी फोटो परत द्यायला निघाले. पट्ट्या तशाच कशा द्यायच्या, म्हणून एकेक हलकेच सोडवत बसले. बाईंचे वडील देखणे होते. हसताना एक भुवई वर. नजर खाली शर्टावर आली आणि मी थबकले. कॉन्व्हेंट शाळेच्या शिवणवर्गात सिस्टरांनी मला सात वर्षं शर्टांची काजं करायला लावली आहेत. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते. इथे चौघांचीही उजवी वर होती. बायकांच्या ब्लाउजसारखी! घड्याळंही चौघांच्या उजव्याच हातात.

मी शेडमध्ये जवळजवळ पळतच गेले. "भाऊजी, तुमच्या पलटणीनं बायकांचे शर्ट घातलेत."

त्यांनी भिंग लावलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय! डावं ते उजवं, उजवं ते डावं. आणि मी गाढव, माणसंच झाकून बसलो."

"म्हणजे हाच ट्रक?"

"स्टिअरिंग जुळलं. तेवढ्यानं होत नाही. हे बघा, फोटोतल्या डाव्या, म्हणजे खऱ्या उजव्या मडगार्डला तिकोनी ठिगळ. सात रिव्हेट, एक वाट चुकलेला. आपल्या ट्रकच्या उजव्या मडगार्डलाही ठिगळ होतं." इथे त्यांचा चेहरा पडला. "ते मडगार्ड मी गेल्या आठवड्यात भंगारवाल्याला दिलं."

कारण महिनाभर पत्रा ठोकून त्यांनी नवं मडगार्ड बनवलं होतं. आरशासारखं गुळगुळीत, येणाऱ्याजाणाऱ्याला हात फिरवायला लावायचे.

स्कूटरवर मागे मी बसले, बहात्तराव्या वर्षी. भंगारवाल्यानं नकारार्थी मान हलवली. मडगार्ड तुटलं नव्हतं, पण त्याच्या कुत्रीनं त्याखाली पाच पिल्लं घातली होती.

"जनरल, छप्पर काढलं तर ती माझा पाय काढेल. दुसरा तसाच वाकलेला पत्रा आणा, मग बघू."

"तसाच म्हणजे?"

"तसाच. तिला सवय झालीय."

भाऊजी कुत्रीकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ते नवं मडगार्ड घेऊन गेले. कुत्री गुरगुरली, तिनं हुंगलं आणि आत शिरली. जुनं मडगार्ड उलटं करून भाऊजींनी रिव्हेट मोजले. सात. वाट चुकलेल्यासकट. मग तिथेच एका टायरवर बसून त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, पुष्कळ वेळ.

एकोणीस तारखेला ठिगळाचं मडगार्ड ट्रकवर चढलं. रंग नाही, काही नाही. मी निरोप दिला आणि त्याच संध्याकाळी बाई आल्या. भाऊजींनी फोटो आरशासमोर धरून आधी त्यांना दाखवला, मग बोट धरून ठिगळाशी नेलं. बाईंनी रिव्हेटांवरून हात फिरवला. वर चढायला आम्ही दोघी जावांनी मागून आधार दिला.

त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या नाहीत. शेजारी बसल्या.

"तुम्ही बसा ना तिथे," त्या भाऊजींना म्हणाल्या. "आई सांगायची, छावणीत शिरताना बाबा हॉर्न वाजवायचे. तो ऐकला की मी रांगत दाराशी यायचे म्हणे."

भाऊजी स्टिअरिंगवर बसले आणि गडबडले. हॉर्न अजून बसवलाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग आमच्या जनरलनी, वय वर्षं एकाहत्तर, दोन्ही गाल फुगवले आणि तोंडानं एवढ्या मोठ्यानं 'पोंऽऽऽ' केलं की समोरच्या घराची खिडकी उघडली.

बाई पोट धरधरून हसल्या. मग म्हणाल्या, "अजून एकदा."