बुधवारच्या बायका आणि साराची फुली

बुधवारी लायब्ररीतून घरी येते तेव्हा माझ्या पर्समध्ये दोन पेपर नॅपकिन आणि एक तरी किस्सा असतोच. नॅपकिन लेक फेकून देते. किस्से साठत चाललेत, तेवढे तुम्हाला देऊन टाकते.

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या लायब्ररीत बुधवारी म्हाताऱ्या जमतात आणि कॉम्प्युटरवर आपापले पूर्वज शोधतात. माझं शिक्षण सातवी, तेही नापास. घरात लुडबुड करते म्हणून लेक मला तिथे ड्रॉप करते. शेजारी पुण्याच्या शैलाताई बसतात, रिटायर्ड बाई आहेत शाळेतल्या. मी मराठीत बोलते, त्या इंग्लिश करून सांगतात.

*

पहिल्याच दिवशी ग्रुप चालवणाऱ्या लिंडाने मला विचारलं, "व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं तुमच्या घरातलं काही ठाऊक आहे?"

म्हटलं, "राणी आमच्याच घरी असायची. आजी तिला झोपतानाही सोडायची नाही."

शैलाताईंनी माझ्याकडे बघितलं, पण सांगितलं शब्दाला शब्द. लिंडा लिहून घ्यायला लागली. वर विचारते, "किती वर्षं?"

शेवटी शैलाताईंनाच राहवेना. "राणीछाप रुपयांची माळ असेल हो यांच्या आजीच्या गळ्यात."

लिंडाने लिहिलेलं खोडलं नाही. म्हणाली, "राहू दे, छान आहे."

*

आमच्यातली डोरथी शोधते तिच्या पणजीला, साराला. सारा इंग्लंडात कापडगिरणीत होती. माझी आई नागपूरच्या गिरणीत, म्हणून मला ती बाई पहिल्यापासून आपली वाटते. डोरथीच्या घरात सांगतात की साराने तान्ही ॲनी बहिणीच्या पदरात टाकली आणि पळाली, ती परत फिरकलीच नाही. ॲनी म्हणजे डोरथीची आजी. डोरथीची थोरली बहीण पेगी नव्वदीच्या पुढे आहे, नर्सिंग होममध्ये असते. ती म्हणते, "आजी तिच्या आईला नकोशी झाली होती का, एवढं कळू दे. मग मी जायला मोकळी."

तर सारा एका शिरगणतीत सापडली, पुढच्या शिरगणतीतही सापडली. मध्ये दहा वर्षं गेली आणि बाई सातच वर्षांनी मोठी झालेली.

डोरथी म्हणाली, "हिने खोटं सांगितलं की काय?"

मी म्हटलं, "शैलाताई, तिला सांगा, आमच्या मास्तरांनी अख्खा वर्ग एक जूनला जन्माला घातलाय. सारा तर फारच खरं बोलली."

*

त्याच्या पुढच्या शिरगणतीत सारा गायब. मी म्हटलं, "लग्नात नाव बदललं असेल."

लिंडा म्हणाली, "आडनाव ना? तेच शोधतोय."

"आडनाव नाही हो, नाव. मी माहेरची शांता, सासरी तांदळात सुलोचना लिहिलं आणि झाले सुलोचना."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने हळूच विचारलं, "आणि शांता कुठे गेली?"

मी बिस्कीट खाल्लं. पण माझ्या नादाने दुपारभर सगळ्यांनी त्या गावातल्या मेरी, जेन, एलिझाबेथ उपसल्या. नंतर कळलं, तिकडे तशी पद्धतच नाही. शैलाताई म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसत जा."

*

मग सारा मिळाली. दुसऱ्याच गावी, मोठ्या घरात वरकामाला, स्वयंपाकघरातली. नाव तेच, पुढे लिहिलेलं, 'अविवाहित'. म्हणजे लग्न झालंच नव्हतं.

लिंडा म्हणाली, "कडेवर मूल असलेल्या बाईला तेव्हा असल्या घरात कोण ठेवणार?"

मी स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. कुणीतरी दारावर आलं, विचारलं इथे कोण कोण राहतं, शाईत लिहून घेतलं आणि गेलं. भांडी घासणाऱ्या बाईचं नाव ते. तिकडची माणसं मेली, घर पडलं असेल, आणि इथे फ्रीमाँटमध्ये आम्ही ते वाचतोय. शैलाताईंनी चष्मा पुसला, मी त्यांना चिडवलं नाही.

*

मागच्या बुधवारी ॲनीच्या लग्नाचा कागद आला, चर्चमधल्या वहीची नक्कल. बापाच्या जागी नुसती रेघ. ॲनीची सही शाळेत शिकल्यासारखी, गोल गोल. तिच्या खाली साक्षीदार. एक नवऱ्याचा भाऊ, आणि दुसरी एक फुली. फुलीच्या आजूबाजूला पाद्र्याने लिहिलेलं, सारा, तिची खूण. शेजारी आणखी, वधूची आई.

माझी आई अंगठा उठवताना जीभ बाहेर काढायची, तेवढं मला आठवलं.

डोरथीने तिथूनच पेगीला फोन लावला, स्पीकरवर. म्हणाली, "पेग, ती आली होती. ॲनीच्या लग्नाला आली होती. साक्षीला उभी राहिली."



मग पेगी म्हणाली, "तिच्या अंगावर काय होतं, ते लिहिलंय का?"