वेळेआधी वाजलेली थाळी
फोन नीट कानाशी धर गं पोरी, आधी ओरडा खा. परदेशात राहतेस, दिवस भरत आलेत, बॅग भरून दाराशी ठेवलीस म्हणतेस, आणि शेजारणीचं नावसुद्धा माहीत नाही? आज पितळी थाळी घासताना काठावरच्या पोच्यावर बोट गेलं आणि माझ्या लहानपणची, मध्य भारत हे वेगळं राज्य होतं त्या दिवसांतली, तुकोगंज मोहल्ल्यातली आमची शेजारीण आठवली. परदेशातून आलेली गोरी मडम, पहिलटकरीण, नवरा विहिरींवर इंजिनं बसवायला देपालपूरकडच्या गावांत फिरायचा. तिचीही बॅग तयार होती, पासपोर्ट, टॉर्च, औषधं, आणि मदतीला बोलवायला शिट्टी. माझ्या आईने हीच थाळी तिच्या हाती दिली आणि हसून म्हणाली, "सीटी सुनके कौन आएगा? बच्चे खेल रहे हैं, समझेंगे. ये थाली बजाना." एका दुपारी, नवरा गावाला असताना, थाळी वाजली. आमच्या माळव्यात मूल झालं की थाळी वाजवतात ना, म्हणून अख्खी गल्ली गूळ घेऊन धावली. "बधाई हो! बच्चा कहाँ है?" बघतात तर ती कळा सोसत जमिनीवर बसलेली, हातात लाटणं. समोरची म्हातारी म्हणाली, "अरे, ये तो पहले ही बजा बैठी!" हसतहसतच कुणी पाणी तापवलं, कुणी सुईणीला आणलं. दिवेलागणीला मुलगी झाली. थाळी खरं तर मुलग्यासाठीच वाजवायची रीत, पण आईने या मुलीसाठी ती इतकी बडवली की काठाला पोचा आला. तेव्हा बॅग असू दे भरलेली, पण आज शेजारणीचं दार वाजव. आणि बाळाने जरा बाळसं धरलं की त्याला घेऊन लवकर ये. थाळी लख्ख घासून ठेवली आहे.