तिरपा बीम

जुने सहकारी चहाला बसले, की कामाची आठवण कुणालाच येत नाही, फजितीची मात्र सगळ्यांना येते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याने तर आम्हाला जन्मभर पुरेल एवढी फजिती दिली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. दातार सर मालक. मीना तांडेल आणि मी प्रोग्रामर. डोंबिवलीच्या एका कॉलेजला फिजिक्सचं सॉफ्टवेअर हवं होतं. लेझरचा बीम हव्या त्या कोनात सोडायचा आणि तो भिंगातून कसा जातो ते मुलांना स्क्रीनवर दाखवायचं. सरांनी आधीच सांगून टाकलेलं, "ही ऑर्डर गेली तर गाळा बंद. मी परत नोकरी धरणार, तुम्हीही शोधा."

पहिल्याच दिवशी सरांनी ऐटीत कोन टाकला, तीस! बीम वर जायच्या ऐवजी थेट जमिनीत घुसला. कॉम्प्युटरला कोन रेडियनमध्ये द्यायचा असतो, सरांनी दिला अंशांत. मीना म्हणाली, "सर, बोअरवेल मारताय का?"

ते निस्तरलं, तर बीम उजवीकडून बाहेर पडायचा आणि डावीकडून पुन्हा आत यायचा! आम्ही दोन दिवस डोकं खाजवतोय. मीना शांतपणे म्हणाली, "डबा विसरला असेल."

एकदा सरांचे सासरे आले, जिने चढून घामाघूम. तेव्हाच्या स्क्रीनवर तिरपी रेघ काढली की तिला पायऱ्या पडायच्या. सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "जावईबापू, प्रकाश सरळ रेषेत जातो असं आम्ही शिकलो. तुमचा जिना चढतोय!"

"लिफ्ट बंद आहे ना," सर म्हणाले.

डेमोच्या सकाळी सरांना शेवटची सुधारणा सुचली. सुधारणा झाली, जुन्या प्रोग्रामवरच सेव्ह झाली, आणि शून्य सोडून कुठलाही कोन टाकला की कॉम्प्युटर हँग! सर खुर्चीत मटकन बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात कॉलेजचे ओक सर दारात हजर. अतिशय कडक माणूस. त्यांनी हो म्हटलं तरच ऑर्डर.

"तीस अंशाचा बीम दाखवा," ते बसता बसता म्हणाले.

मीनाने बीमला हातच लावला नाही, कोन शून्यच ठेवला. तिने चित्रातलं भिंग, पडदा, त्यांच्याखालचं टेबल, सगळ्यांचे आकडे बदलले. स्क्रीनवर बीम आडवा सरळ, आणि अख्खं टेबल तीस अंशांत कललेलं!

"मी बीम तिरपा मागितला होता. टेबल नव्हे," ओक सर म्हणाले.

मीनाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठलो आणि तो धोंड्यासारखा जड मॉनिटर दोन्ही हातांनी धरून तिरपा केला. टेबल सरळ झालं, बीम झकास तिरपा!

दातार सरांनी डोळे मिटून घेतलेले. ओक सरांनी पुढे वाकून स्क्रीन नीट न्याहाळला.

"आता पंचेचाळीस करा," ते म्हणाले.

मी मॉनिटर कसाबसा छातीशी रेटून धरला होता. आणखी कलवला तर मॉनिटर जमिनीवरच येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

ओक सरांनी बाह्या वर सारल्या, उठले, मॉनिटरची दुसरी बाजू धरली आणि मीनाला म्हणाले, "तुम्ही आकडे टाका हो. मी इकडून धरतो."