मावशींचा सढळ हात

काचघरात फवारणी करणाऱ्या मावशींचा हात भलता सढळ. प्रयोगशाळेतल्या मॅडम बजावायच्या, “या संप्रेरकामुळे दाणा झाडाची साखर ओढून घेतो. मोजूनच फवारा.”

“लेकरांना कुणी मोजून वाढतं का?” असं पुटपुटत मावशी वाटाण्याच्या शेंगांवर गुपचूप जास्तीचा फवारा मारायच्या. शेंगा टम्म फुगल्या. मावशींना कोण कौतुक!

आज मात्र सगळे वेल पांढरेफटक पडून माना टाकून बसले होते. मावशींनी एक शेंग उकलली. दाण्यांना आतल्या आत कोंब फुटले होते आणि त्यांची बारीक मुळं मेलेल्या वेलाच्या देठाला घट्ट बिलगली होती.

घरी मुलाने नेहमीसारखं रिकामं ताट पुढे सरकवलं. “आई, अजून.”

मावशींचा हात पहिल्यांदाच आखडला.