साठ टक्क्यांच्या आत

काल बसस्टॉपवर पांढरा शर्ट घातलेली एक मुलगी छातीशी फाइल धरून उभी होती आणि तिचे वडील तिची कॉलर नीट करत होते. मला बघवेना.

मी शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात पहिली कंपनी मुलाखतींना आली. साठ टक्क्यांच्या खालच्यांनी बसू नये, अशी सूचना फळ्यावर लागली. मला चौपन्न होते. घरी सांगायचं धाडस झालं नाही. मुलाखतीच्या सकाळी बाबांनी माझ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. "घाबरू नकोस गं, येतं तेवढं सांग," म्हणाले.

दिवसभर मी वाचनालयात बसून राहिले. मुलाखती देऊन आलेल्या मैत्रिणींचे आवाज जिन्यातून येत होते. पुढे नोकरी कोण देणार, ही भीती होतीच. पण आपल्यावर कुणी इतका विश्वास टाकावा आणि आपण त्याला पुरे पडू नये, हे त्याहून जड होतं.

संध्याकाळी बाबा दारातच उभे होते.

"कशी झाली?"

"बरी झाली."

त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. मग हळूच म्हणाले, "डबा विसरलीस म्हणून दुपारी आलो होतो. फळ्यावरचं वाचलं. तू वाचनालयात दिसलीस, पण मला बघून तुला लाज वाटली असती. तसाच परत फिरलो. उपाशी असशील, चल, जेवून घे."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.