जांभळाआडची डिश

लेकीने पाठवलेल्या मोठ्या एचडी टीव्हीवर क्रिकेटचं चित्र सारखं चौकोनांत फुटत होतं. गॅलरीतल्या डिशसमोर आमचं जांभूळ उभं. वारा आला की पानं हलत आणि फलंदाज जागच्या जागी गोठे.

"काकू, वरच्या फांद्या तोडा, मग चित्र लख्ख दिसेल," डिश बसवायला आलेला माणूस म्हणाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. अर्धांगवायूनंतर ह्यांचे निम्मे शब्द तोंडातच राहत. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाला सामना हीच काय ती करमणूक. मी 'तोडा' म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, "नाही." स्पष्ट, खणखणीत, अगदी पूर्वीसारखं.

त्या एका शब्दाने माझ्याही अंगात बळ आलं. सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर कुणालाच डिश लावू देत नसत. मी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"गच्ची सगळ्यांची आहे. आमची डिश तिथे लावतेय. विचारायला नाही, सांगायला आलेय."

आता सामना छान दिसतो. सेक्रेटरी जिन्यात भेटले की तोंड फिरवतात, खुशाल फिरवोत. दुखण्याने ह्यांचं चालणं नेलं, बरंचसं बोलणं नेलं. नकार देणं मात्र त्याला नेता आलेलं नाही.