विन्याच्या पानावरचा माणूस

फॉरेन जेवायला बसला की डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा घालायचा आणि दोन मिनिटांत ताट पुसून मोकळा व्हायचा. पाठ कायम भिंतीला. लग्नाच्या पंगतीतही भिंतीकडची जागा मिळेपर्यंत तो ताटकळत उभा राही आणि आम्ही सिंदीकर दात काढत असू. परदेशातल्या तुरुंगात नऊ वर्षं काढून आलेला गावातला तो एकमेव माणूस. म्हणून फॉरेन.

गुन्हा खराच होता. बॅगेच्या अस्तरात चरस शिवून तो विमानात बसला आणि सोबत विन्याला घेऊन गेला. विन्या आमच्याच वर्गातला, कमलाकाकूंचा एकुलता एक. बॅगेत काय आहे ते त्या भाबड्याला ठाऊकही नव्हतं. दोघं पकडले गेले. पुढं फॉरेन परत आला. विन्याचा फक्त मृत्यूच्या तारखेचा कागद आला.

तुरुंगाच्या गोष्टी तो पानठेल्यावर रंगवून सांगे. कोणाचे दात कसे पाडले, चमचा फरशीवर घासून त्याचा सुरा कसा केला. "समोर आलं ते खायचं, मास्तर, मागं पाहाचं नाई. म्हणून वाचलो," हे त्याचं पालुपद. विन्याचं नाव निघालं की मात्र तो चुना मळत बसायचा.

काकूंनी त्याला कधी शिवी दिली नाही. शेवटच्या घडीला हा पोराजवळ होता, एवढ्यावर त्या बाईनं सगळं माफ केलं. पितृपक्षात अष्टमीला, म्हणजे कागदावरच्या तारखेवरून भटजींनी काढून दिलेल्या तिथीला, विन्याचा पितर म्हणून ती त्यालाच जेवायला बसवायची. शेजारी मी.

तिसऱ्या वर्षीही स्लॅबवर ठेवलेल्या घासाला कावळा शिवेना. काकू जिन्यात हात जोडून उभ्या. "विन्या, काय राह्यलं रे तुवं? सांग ना बाप्पा!" तासभर हेच. फॉरेनचं ताट केव्हाच चाटूनपुसून झालं होतं.

"काकू, तिथी चुकून राह्यली," तो ताटाकडं बघत म्हणाला. "तो तीन रोज आधीच गेलता."

"मंग कागदात काऊन नाई?"

"मी सांगतलं नाई कोणाले. कांबळ्यात झाकून ठेवलं. मोजणीवाला आला का बिमार हाय म्हणो. त्याची रोटी येत होती ना." मग तो म्हणाला, "मी खाल्ली."

काकू आत गेल्या. मला वाटलं, उलथनं घेऊन येतील. त्या उडदाचे वडे घेऊन आल्या आणि त्याच्या ताटात वाढले.

पुढच्या वर्षी पंचमीला त्या स्वतः त्याच्या दारात गेल्या. "येजो जेवाले." त्याला खोलीच्या मधोमध बसवलं, पाठीशी भिंत नाही. समोर स्वतः बसल्या. त्यानं ताटाभोवती हात घातला, तो त्यांनी पळीनं उचलून बाजूला केला. "हळू. एकेक घास. माह्या पोराचं जेवण हाय." सहा तास चाललं ते जेवण. तो मागच्या अंगणात जाऊन ओकला. परत आला तर ताट पुन्हा भरलेलं. आणि मी? मी खीर मागून घेतली. मला त्याची कीव आली असं लिहायला बरं वाटेल, पण आली नाही.

असं पाच वर्षं चाललं. "काऊन जातं बे?" मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "समोर येते ना, मास्तर." मागं पाहाचं नाई, हे पुढचं त्या दिवशी तो म्हणाला नाही.

गेल्या हिवाळ्यात फॉरेन दवाखान्यात वारला. नात्याचं कोणी नव्हतं. मीच काकूंना सांगायला गेलो.

"कधी?"

"आज सकाळी."

"नक्की आजच ना? नीट विचारलं ना?"

मी मान हलवली. त्यांनी कॅलेंडर काढून तिथी पाहिली, पेन्सिलीनं गोल केला. "त्याचंबी पान मांडा लागन. त्याले कोण हाय दुसरं?" मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"तू बसजो त्याच्या पानावर. पाच वर्षं सारं पाह्यलं ना बसून? हळू जेवजो."

पितृपक्ष परवा सुरू होतो आहे.